पंचवीस टप्पे खंय गेले?

आमच्या बाबांनी आयुष्यात किलोमीटर मोजले नाहीत. ते टप्पे मोजतात. एसटीचा एक टप्पा म्हणजे सहा किलोमीटर, आणि भाडं टप्प्यावर. वेंगुर्ला आगारात एकतीस वर्षं कंडक्टरकी केल्यावर माणसाला जग तसंच दिसत असावं. आमच्या म्हापण गावाहून कुडाळ चार टप्पे. मला डोंबिवलीचं स्थळ सांगून आलं तेव्हा मुलाचं शिक्षण, पगार, घर सगळं ऐकून झाल्यावर बाबांचा एकच आक्षेप होता : "ऐंशीच्या वर टप्पे होतत."

त्यांची एक वही आहे. जुन्या वेबिलांचे पाठकोरे कागद दाभणाने शिवून केलेली. घरातलं कोणीही मुंबईला गेलं किंवा मुंबईहून आलं, की तिच्यात एक ओळ पडते : कधी निघाला, कधी पोचला, कशाने आला, किती टप्पे. शेवटचा रकाना शेऱ्याचा. "घाटात पंक्चर", "सोबत कोंबडा, अर्धं तिकीट मागितलं नाही", असले शेरे. निघाल्याची वेळ घराचा उंबरठा ओलांडल्याची आणि पोचल्याची वेळ घरच्या पडवीत पाय ठेवल्याची, हा नियम. स्टँडवरच्या वेळा त्यांना मान्य नाहीत. "गाडी पोचली म्हणजे पाशिंजर पोचलो काय?"

हे सगळं सांगायचं कारण विमान.

९ ऑक्टोबर २०२१ ला चिपीच्या विमानतळाचं उद्घाटन झालं आणि मुंबईहून विमान सुरू झालं. चिपी म्हणजे आमच्याकडून उठून पलीकडे परुळ्याचा सडा. लहानपणी आम्ही त्या कातळावर करवंदं काढायला जायचो, आणि परुळ्याला आदिनारायणाच्या देवळात गेलो की आई लांबूनच तो सडा दाखवून म्हणायची, थंय काय पिकणा नाय. तिथे आता अडीच किलोमीटरची धावपट्टी पिकली होती. त्या दिवाळीत मी विमानाने गावी जायचं ठरवलं. तिकिटावर लिहिलं होतं : प्रवासाचा वेळ १ तास २५ मिनिटं.

मी शाळेत सातवी-आठवीला गणित शिकवते. मुलांना पायथागोरसचा उपयोग काय असं विचारायची सवय असते, म्हणून मी हेच गणित फळ्यावर घातलं होतं. मुंबई विमानतळ साधारण १९ अंश ५ मिनिटं उत्तर अक्षांशावर, चिपी बरोबर सोळाच्या आसपास. फरक ३ अंश ५ मिनिटं, म्हणजे १८५ मिनिटं. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. गुणाकार केला की ३४३ किलोमीटर दक्षिणेला. आता पूर्वेला किती? रेखांशातला फरक दोन-तृतीयांश अंशाच्या जवळ, आणि आपल्या या पट्ट्यात एक अंश रेखांश म्हणजे १०६ किलोमीटर, म्हणून सत्तर. दोन्ही बाजूंचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ : ३५०. एवढ्या छोट्या तुकड्यात पृथ्वीचा गोलपणा विसरला तरी चालतो. पोरं खूश, मीही खूश.

गावी पोचल्यावर बाबांना हा आकडा सांगितला. त्यांनी सहाने भागलं. तोंडीच.

"अठ्ठावन टप्पे. आणि रस्त्यान?"

"रस्त्याने पाचशे धरा, बाबा."

"त्र्याऐंशी." मग बराच वेळ गप्प. सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "मगे पंचवीस टप्पे खंय गेले?"

प्रश्न वाटतो तेवढा बाळबोध नाही. मी वहीच्याच मागच्या कागदावर त्यांना नकाशा काढून दाखवायला गेले, पण तो रस्ता त्यांना माझ्यापेक्षा पाठ. पेन्सिल त्यांनी काढून घेतली आणि टप्पे कुठे कुठे सांडतात ते मलाच दाखवलं. मुंबईतून दक्षिणेला जायचं तर समोर बंदराचं पाणी, म्हणून आधी पूर्वेला वळून पनवेल गाठायचं. तिथून पेण, नागोठणं, माणगाव. किनारा पश्चिमेला आणि रस्ता मात्र डोंगराच्या पायथ्याशी लागून, कारण किनाऱ्याने गेलं की दर दोन-तीन टप्प्यांवर खाडी आडवी. खाडीच्या मुखाशी पाट रुंद, म्हणून नदी जिथे चिंचोळी होते तिथपर्यंत आत जाऊन पूल गाठायचा. महाडला सावित्री, चिपळूणला वाशिष्ठी, संगमेश्वरला शास्त्री, राजापूरला अर्जुना. आणि दोन नद्यांच्या मध्ये डोंगराची सोंड, म्हणजे घाट : कशेडी, भोस्ते, परशुराम. वर चढा, खाली उतरा, पूल ओलांडा, पुन्हा चढा. "पंचवीस टप्पे हेच्यात गेले," म्हणाले, आपल्याच प्रश्नाचं आपण उत्तर देत.

सावित्रीशी त्यांची पेन्सिल क्षणभर थांबली होती. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा जुना ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला. एसटीच्या दोन गाड्या त्यात गेल्या, जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली. वहीत त्या तारखेला आमच्या घरचं कोणी प्रवासात नव्हतं, तरी ओळ आहे. दोन गाड्यांची नावं आणि पुढचे सगळे रकाने कोरे.

वहीत बोटीचीही एक नोंद आहे, त्यांच्या स्वतःच्या तरुणपणातली, १९६३ च्या मे महिन्यातली. वेंगुर्ल्याहून भाऊचा धक्का. तेव्हा बोट धक्क्याला लागत नसे. ती बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, कोंबड्या पडावात बसून तिच्यापर्यंत जायच्या. दुपारी चढले ते दुसऱ्या दिवशी मुंबईत. मालवण, देवगड, विजयदुर्ग, जैतापूर, रत्नागिरी असं प्रत्येक बंदर घेत. शेरा : "ओकलो. आंबे शाबूत." टप्प्यांच्या रकान्यात "दर्या" एवढंच. खरं म्हणजे सरळ रेषेच्या सगळ्यात जवळचा प्रवास तोच, कारण बोटीला घाटही नाही आणि पूलही नाही. पण पावसाळा आला की बोट बंद. श्रावणात गावी कोणी वारलं तर मुंबईकराला तार मिळायची आणि तो पोचायचा तेराव्याच्याही नंतर.

रेल्वे त्यांना पटते, आणि पटतही नाही. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, तेव्हा नव्वदच्या वर बोगदे फोडून तिने बरेचसे सांडलेले टप्पे परत गोळा केले होते. पण कुठून तरी बाबांना कळलं की भाडं काढताना कोकण रेल्वे आपला किलोमीटर चाळीस टक्के फुगवून धरते. बांधकामाचा खर्च अफाट, तो असा वसूल करायचा. म्हणजे शंभर किलोमीटर गेलात तर तिकीट एकशे चाळीसचं. जन्मभर टप्प्यावर भाडं घेतलेला माणूस हे ऐकून हबकलाच. एका टप्प्याचं तिकीट कमी फाडलं म्हणून चेकिंगवाल्याने मेमो दिलेला त्यांना आजही आठवतो. वहीत रेल्वेच्या प्रत्येक नोंदीपुढे टप्पे दोनदा लिहिलेत : "खरे" आणि "रेल्वेचे".

तर त्या दिवाळीची माझी ओळ. मी वेळा मिनिटांसकट लिहून नेल्या होत्या, बाबांच्या वहीचा मान म्हणून. डोंबिवलीचं घर सोडलं ७.५०. फास्ट लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो, मग रिक्षा. विमानतळात शिरले ९.४०. बॅग देणे, तपासणी, मग नुसतं बसणे. विमान ११.३५ चं. दरवाजा ११.३० ला बंद झाला, पण चाकं जमिनीवरून सुटली ११.५८ ला. चिपीच्या धावपट्टीला चाकं टेकली १२.४७. विमान उभं राहिलं १२.५२. आणि आमच्या पडवीत मी १.३५ ला.

म्हणजे तिकिटावर एक तास पंचवीस, हवेत एकोणपन्नास मिनिटं आणि उंबरठा ते उंबरठा पावणेसहा तास. सातातला एक वाटा मी आकाशात होते. उरलेले सहा वाटे लोकल, मेट्रो, रिक्षा, रांग आणि प्लास्टिकची खुर्ची.

तिकिटावरचा वेळ हा उडण्याचा वेळ नसतो, हे मला तोवर नीट माहीत नव्हतं. विमानाच्या चाकांखाली अडसर लावलेले असतात. ते निघाल्यापासून तिकडे पुन्हा लागेपर्यंतचा तो वेळ. त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणं आलं, रांगेत उभं राहणं आलं. मुंबईला धावपट्ट्या दोन आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना फुलीसारख्या छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. दिवसाला नऊशेच्या वर विमानं त्या एकीवरून. दादरच्या एकाच प्लॅटफॉर्मवरून सगळ्या गाड्या सोडल्यासारखं. मग कंपन्या वेळापत्रकातच थोडी हवा भरून ठेवतात.

वर्गात मी हे रिक्षाच्या मीटरवर समजावते. बसलात की ठरावीक भाडं पडणारच, मग पुढच्या कोपऱ्यावर उतरा नाहीतर स्टेशनला जा. मुंबई-दिल्ली हवेतून साडेअकराशे किलोमीटर, आणि तिकिटावर सव्वादोन तासांच्या आतबाहेर. आमचं चिपी साडेतीनशे, तरी दीडला पाचच मिनिटं कमी. अंतर तिपटीहून जास्त, वेळ दुप्पटही नाही. कारण चढणं, उतरणं, रांग लावणं हे दोघांनाही सारखंच. शिवाय आमचं विमान पंख्यांचं, सत्तरेक माणसांचं. मोठी जेट विमानं ताशी आठशेच्या घरात जातात, हे पाचशेच्या. पण मला विचाराल तर कोकणात जायला तेच बरं. त्याचे पंख खिडकीच्या वर असतात, खाली काही आड येत नाही, आणि ते फार उंचही जात नाही.

मी डावीकडे बसले होते. रत्नागिरीच्या पुढे ढग विरळ झाले आणि खाली एकेक खाडी हाताच्या पंजासारखी जमिनीत शिरलेली दिसायला लागली. बाबांनी पेन्सिलने दाखवलेले सांडलेले टप्पे ते हेच, हे मला परतीच्या प्रवासात लक्षात आलं. जाताना मी नुसतीच बघत होते. उतरताना देवबागची ती वाळूची जीभ दिसली, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी. आयुष्यभर त्या गावात भाऊबीजेला गेलेय, पण ते इतकं अरुंद आहे हे ठाऊक नव्हतं. तिथे माझी आत्या राहते. पोटात गोळा आला.

बाबांनी ती ओळ समाधानाने लिहिली. शेरा : "चहा मिळाला नाही."

मग जुलै २०२२.

सामाईक जमिनीचं खरेदीखत व्हायचं होतं, वेंगुर्ल्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात. नऊ हिस्सेदार, नऊ सह्या. कोकणातल्या माणसाला मी यापुढे काही समजावायला नको. आठ जण जमले होते, वसई, कल्याण, बेळगाव कुठून कुठून, नववी मी. शाळेतून रजा एकाच दिवसाची मिळत होती म्हणून आदल्या दिवशीचं विमान घेतलं. पावसात विमान घेऊ नको, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.

विमान वेळेवर सुटलं. सगळा प्रवास कापसातून. साधारण पाऊण तासाने ते खाली यायला लागलं, मग एक लांबलचक वळण घेतलं, मग आणखी एक. खिडकीत पांढऱ्याशिवाय काही नाही. सडा समुद्राच्या अंगाला, पावसाळ्यात ढग त्याच्यावर बूड टेकूनच बसतो. वैमानिकाने सांगितलं की धावपट्टी दिसत नाही, आपण मुंबईला परत जात आहोत. कोणी आरडाओरडा केला नाही. माझ्या शेजारच्या आजींनी पदराच्या टोकाने कपाळ पुसलं आणि म्हणाल्या, "रवळनाथाच्या मनात नाय."

मुंबईला उतरून मोबाइल चालू केला तर बाबांचे चार फोन येऊन गेलेले. लावला.

"इलंस मा? खंय आसंस?"

"मुंबयत, बाबा."

"मगे वर कोण होता?"

"मियाच."

पलीकडे पावसाचा आवाज. मग म्हणाले, "आवाज आयकलंय मी. डोक्यार दोन येळा फिरला. छत्री घेवन भायर उभो होतंय." ढगाच्या वर मी, ढगाच्या खाली ते, मध्ये असून असून दोन-तीन हजार फूट. मोजायचं तर अर्धा टप्पासुद्धा नाही. त्या दिवशी मी त्यांच्या जितकी जवळ गेले तितकी जवळ जाऊन परत फिरायची वेळ पुन्हा येऊ नये.

त्या मध्यरात्री दादरहून तुतारी एक्स्प्रेस पकडली, जनरलच्या डब्यात, चिपळूणपर्यंत दाराशी पिशवीवर बसून. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं असतं. दरडीच्या भीतीने गाड्या सावकाश चालवतात, रुळांवरून रात्रभर गस्तवाले कंदील घेऊन फिरतात. बोगद्यातून बाहेर पडताना असा एक जण भिजत बाजूला उभा दिसला. कुडाळला उतरून, रिक्षा करून, दुपारी बाराला घरी. निबंधकांकडे तीन वाजताचा नंबर मिळाला आणि माझी सही झाली. आठ जणांनी तोवर दोनदा जेवून घेतलं होतं.

संध्याकाळी वही निघाली. बाबांनी विमानाच्या ओळीत लिहिलं : "निघाली ७.४०. पोचली नाही. टप्पे ०."

इथे माझ्यातली शाळेची बाई जागी झाली. म्हटलं, शून्य कसं? सातशे किलोमीटर गेलेय मी हवेतून, एकशे सोळा टप्पे होतात. शून्य झालं ते विस्थापन. जिथून निघालो तिथेच परत आलो तर विस्थापन शून्य, पण अंतर शून्य होत नाही. नववीच्या विज्ञानात पहिल्याच धड्यात आहे. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पाशिंजर उतरलो खंय?"

"जिथे चढला तिथेच."

"मगे तिकीट कसला फाडूचा?"

पुढे ते मुंबईचं विमान बंद पडलं. आता मी मोप्याला उतरते. गोव्याच्या पेडण्यातला हा नवा विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू झालाय, बांद्याच्या पलीकडे, सरहद्दीला चिकटून. मुंबईहून विमानं भरपूर आणि जेट. हवेतलं अंतर ३९० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आमच्या गावावरून पुढे जायचं, परराज्यात उतरायचं आणि गाडीने उलटं वर यायचं. बांदा, सावंतवाडी, वेंगुर्ला, म्हापण. गेल्या मे महिन्यात उंबरठा ते उंबरठा सव्वासात तास लागले, त्यातले दोन तास या उलट्या रस्त्यावर. बाबांना हा प्रकार अजिबात पसंत नाही. आगारासमोरून गाडी भरधाव पुढे नेऊन पुढच्या गावात पाशिंजर उतरवणारा ड्रायव्हर त्यांनी सस्पेंड करायला लावला असता.

ओळ लिहायला बसलो. निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ, शेरा ("गोव्यातून आली, काजू आणले नाहीत") सगळं झालं. टप्प्यांशी अडलं. हवेतले पासष्ट यावर दोघांचं एकमत. रस्त्याचे अकरा. मी म्हणाले, बेरीज करा, शहात्तर. ते म्हणाले, वजाबाकी, चोपन्न.

"अंतर उणे नसतं, बाबा."

"फाटी इलंस ना? मगे उणे."

मी विस्थापनाचं पुन्हा काढलं. त्यांनी चेकिंगवाल्याचा मेमो पुन्हा काढला. आईच्या फोटोखाली दिवा लावायची वेळ झाली म्हणून उठलो. परवा फोनवर विचारलं, तर म्हणाले रकाना अजून कोरा ठेवलाय, पेन्सिल वहीतच आहे, तू येशील तेव्हा बघू. गणपतीला येतेय म्हटलं.

"कशान?"

अजून ठरलं नाही म्हटलं.